ओल्ड नंबर वन : अस्सल कशाला म्हणावे?

शर्यतीच्या जुन्या मोटारींचा इतिहास बहुधा मालकांच्या नावांची यादी म्हणून लिहिला जातो. कोणी घेतली, कोणाला विकली, मधली वर्षे ती कुठे पडून होती. साखळीतली एकही कडी निसटली नसली की गाडी खरी, असा या व्यवहारातला संकेत आहे. आम्हाला तो सातबाऱ्याच्या जवळचा वाटतो. पण फेरफार कितीही झाले तरी जमीन जागची हलत नाही, मोटारीचे मात्र अंगच बदलत जाते. या फरकावरून १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात जो खटला उभा राहिला, त्यात सौद्याची रक्कम सुमारे एक कोटी पौंड होती.

गाडी होती बेंटली कंपनीची साडेसहा लिटरची स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३० साली बार्नाटोने ग्लेन किडस्टनच्या साथीने तीच शर्यत पुन्हा जिंकली. बार्नाटो हा नुसता चालक नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटोचा हा मुलगा बेंटली कंपनीचा अध्यक्ष होता आणि त्याच्याच पैशावर ती तगून होती. १९३१ मध्ये कंपनी बुडाली, रोल्स-रॉईसने ती विकत घेतली. गाडी मात्र ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर धावतच राहिली. १९३२ च्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवले गेले. त्या शर्यतीत ती उतरत्या कठड्यावरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह डनफी हा तरुण चालक जागीच ठार झाला. पुढे तिची बांधणी पुन्हा झाली, तिच्यावर बंद छताची कूपे बॉडी चढली, आणि कालांतराने तीही उतरवून शर्यतीचे उघडे रूप तिला परत देण्यात आले.

अखेरीस ती हबर्ड यांच्या मालकीची झाली. त्यांनी ती मिडलब्रिज सिमिटर या कंपनीला विकण्याचा करार केला. कंपनीने ऐनवेळी हात आखडता घेतला : ही ओल्ड नंबर वन नव्हेच.

तज्ज्ञाने साक्षीत जी मोजदाद केली ती वाचताना एखाद्या जीर्ण पोथीचा पाठचिकित्सक बोलतो आहे असा भास होतो. १९२९ च्या विजेत्या गाडीचे जवळजवळ काहीच शिल्लक नाही. १९३० च्या गाडीचा पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ तेवढा उरला आहे. सांगाडा, पुढचा आस, स्प्रिंगा, मागचे ब्रेक, आठ लिटरचे इंजिन हे सारे १९३२ चे. म्हणजे गिऱ्हाइकाला हवे होते ल माँचे दोन विजय, आणि समोर उभी होती मुख्यतः डनफीच्या मृत्यूची गाडी. गंमत अशी की या मोजदादीने मालकीची साखळी कुठेच तुटत नव्हती.

न्यायमूर्ती ऑटन यांना मग शब्दांचीच पारख करावी लागली. ‘ओरिजिनल’ हे विशेषण त्यांनी नाकारले, ‘जेन्युइन’ही नाकारले, ‘ऑथेंटिक’ मात्र स्वीकारले. मराठीत आणताना आपली इथे पंचाईत होते, कारण यांतल्या किमान दोन शब्दांना आपण सरसकट ‘अस्सल’ म्हणतो. आपले ‘अस्सल’ दफ्तरातून आले आहे. त्याचा जोडीदार ‘नक्कल’. राजवाड्यांपासूनचे संशोधक अस्सल कागद म्हणतात तेव्हा तो कागद एकदाच लिहिला गेला हे गृहीत असते. मोटार मात्र एकदाच लिहिली जात नाही. शर्यतीच्या मोटारीचे तर आयुष्यच दुरुस्तीत जाते; मोडके काढून नवे घालणे हा तिथे अपभ्रंश नव्हे, नित्यक्रम आहे.

ऑटन यांनी नेमके हेच धरले. सुटे भाग बदलत गेले, पण ते सावकाश, वापराच्या ओघात बदलले. ओळख पुसली जाईल असा खंड कधीच पडला नाही. शिवाय या नावावर रास्त हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. हा दुसरा मुद्दा आम्हाला अधिक वजनदार वाटतो. थीसियसच्या जहाजाचे कोडे अशा वेळी हटकून आठवते, पण ते कोडे खरे चिघळते ते काढलेल्या जुन्या फळ्यांतून कोणी दुसरे जहाज उभारले तर. बेंटलीच्या काढलेल्या भागांतून तसा प्रतिस्पर्धी उभा राहिला असता, तर सलगतेचा युक्तिवाद एवढा निर्धास्तपणे टिकला असता का, याची आम्हाला शंका आहे.

निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला. कराराप्रमाणे गाडी घेणे मिडलब्रिजला भाग होते.