फोम चिलखत
वेशभूषेसाठी ईव्हीए फोमच्या शीटपासून बनवलेले चिलखत. ‘पेपाकुरा डिझायनर’ या जपानी सॉफ्टवेअरने त्रिमितीय प्रतिकृती उलगडून कागदावर सपाट साचे छापतात व ते फोमवर आखतात. कागदाला लागणारी प्रत्येक घडी फोमला लागत नाही, कारण तो तापवला की वळतो. म्हणून लहान तुकडे जोडून एकच मोठा तुकडा काढतात आणि चिकटवण्याच्या पट्ट्या गाळतात. खरे कसब इथेच. फोमची जाडी (बहुधा ५ ते १० मिमी) हिशेबात न धरल्यास चिलखत आतून तंग होते. कडांना रबरी गोंद लावून तो जरा सुकल्यावर जोडतात. रंगाआधी हीट गन फिरवून लेप देतात, नाहीतर फोम रंग पितो. आयर्न मॅन आणि ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधील मास्टर चीफ यांची चिलखते विशेष लोकप्रिय. फोम घासताना मास्क वापरावा.