तुटणारे सेल्युलोज, जुळणारे सेल्युलोज

डोळ्यांत घालायचे थेंब, आइस्क्रीम, टूथपेस्ट या तिन्हींत दाटपणासाठी एकच पदार्थ घालतात : कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज. कापसातले किंवा लाकडातले सेल्युलोज पाण्यात विरघळावे म्हणून त्यात थोडा रासायनिक बदल केला, की ते तयार होते. त्याच्या द्रावणाची बाटली निर्जंतुक करण्यासाठी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत ठेवली, तर जंतू मरतात; पण द्रावणही पातळ होऊन बसते. निर्जंतुकीकरणाची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे, म्हणजे किलोग्रॅममागे २५ हजार जूल. एवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम ६ अंशांनी तापेल! मग रेणू तुटतात कसे?

१९५२ मध्ये अमेरिकेतील सीमन, मिलेट व लॉटन यांनी सेल्युलोजवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लांब साखळ्यांचे तुकडे झाले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हार्वेलच्या चार्ल्सबी यांनी पॉलिएथिलीनबद्दल नेमके उलटे सांगितले. अणुभट्टीतील प्रारणाने त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. पुढे बहुवारिकांचे दोन गट पाडले गेले, जुळणारे आणि तुटणारे. सेल्युलोजचे नाव तुटणाऱ्यांत पडले आणि बराच काळ तिथेच राहिले. मात्र ही पारख मुख्यतः कोरड्या सेल्युलोजवरून झाली होती, हे आपण लक्षात ठेवू.

पातळ द्रावणात किरणांची ऊर्जा प्रामुख्याने पाणीच शोषते. पाण्याच्या रेणूतून हायड्रॉक्सिल मूलक निघतो आणि साखळीतला एक हायड्रोजन अणू ओढून नेतो. साखळीवर जणू जखम होते. तिथे ऑक्सिजन येऊन चिकटला तर जखम भरून येणे कठीण. हजार दुव्यांच्या साखळीत मधला एक दुवा तुटला, तरी लांबी निम्मी होते. रासायनिक पृथक्करणात एवढा फरक कळणारही नाही. दाटपणा मात्र निम्म्याहून कितीतरी खाली येतो.

२००० साली जपानमधील ताकासाकी येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेतून फेई, योशिई, कुमे आदींचा शोधनिबंध आला. त्यांनी हेच सेल्युलोज थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखे दाट केले आणि किरणांत ठेवले. ते पातळ झाले नाही. त्याचा पाण्यात न विरघळणारा जेल झाला! पाण्यामुळे साखळ्यांना हालचाल करता येत होती आणि दाटीमुळे शेजारीण जवळ होती. दोन जखमा तुटण्याआधीच एकमेकींना भेटल्या आणि जुळल्या. कोरड्या पदार्थात साखळ्यांना हलता येत नाही, अगदी पातळ द्रावणात शेजारीण दूर असते. एकच पदार्थ दोन्ही गटांत बसला. गट पाडताना पाण्याचा विचारच झाला नव्हता, असे आम्हाला वाटते.

डोळ्यांच्या थेंबांत हे सेल्युलोज साधारण अर्धा ते एक टक्का असते. त्याची लापशी करून कसे चालेल? तिथे नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन हाकलायचा, किंवा मूलकांना गिळणारा अल्कोहोल, क जीवनसत्त्व असा एखादा पदार्थ आधीच मिसळायचा. पण औषधात तो चालेल का, हे तपासावे लागते. आम्हाला सर्वांत सुटसुटीत वाटतो तो उपाय गोठवण्याचा. बर्फात मूलक जागच्या जागी अडकतात आणि साखळीपर्यंत पोहोचण्याआधी बरेचसे आपसातच संपतात. अट एवढीच, की किरणांखाली असेपर्यंत बाटलीतला बर्फ वितळता कामा नये.