मोटारीतला आवाज आणि उरलेली जागा

१/ दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बारा वर्षे जुन्या गाडीत कॉम्पोनंट स्पीकर बसवायचे ठरले. बाबांचा आक्षेप एकच होता : "चांगल्या दाराला भोकं कशाला पाडतोस? वाजतायत ना आहेत ते?" त्यांना धड उत्तर देता यावे म्हणून जे वाचावे लागले, ते या धाग्यात मांडतो आहे. प्रबंधाचे काम तूर्त बाजूला आहे. मार्गदर्शकांनी कृपया हे वाचू नये.

२/ आरंभ शिकागोत. पॉल गॅल्विन यांचा छोटा कारखाना मंदीने बेजार झाला होता. १९३० च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. तिथे दालन घेण्याइतके पैसे गॅल्विन यांच्यापाशी नव्हते. त्यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीतच रेडिओ बसवला, ती अधिवेशनाच्या जागेबाहेर उभी केली आणि आवाज मोठा केला. येणारेजाणारे थबकले आणि मागण्या मिळाल्या. या रेडिओचे नाव 'मोटोरोला'. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव धारण केले.

३/ हा रेडिओ बसवणे म्हणजे गाडीवरची शस्त्रक्रियाच. व्हॉल्व्हना लागणारा उच्च दाब गाडीच्या बॅटरीतून मिळत नसे, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या फळीखाली ठेवाव्या लागत. एरियलची तार छताच्या अस्तरात दडवायची. स्पार्क प्लगच्या ठिणगीबरोबर रेडिओतही खरखर उठे, तीही दाबायची. एका बँकेच्या अधिकाऱ्याच्या गाडीत गॅल्विन यांच्या माणसांनी रेडिओ बसवला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला, अशी आख्यायिका आहे. कर्ज मिळाले नाही, हे सांगायला नकोच!

४/ एवढे सगळे कोंबल्यावर स्पीकरसाठी जागा कुठली राहणार? तो डॅशबोर्डच्या खाली, पायांजवळ जाई. १९३२ मध्ये जर्मनीत आलेला ब्लाऊपुंक्टचा पहिला मोटार-रेडिओ सुमारे १५ किलोंचा होता. ('ब्लाऊपुंक्ट' म्हणजे निळा ठिपका, तपासून उत्तम ठरलेल्या मालावरची ती खूण.) अमेरिकेत याच सुमारास चालकाचे लक्ष विचलित होते म्हणून मोटारीत रेडिओ नकोच, असे कायदे मॅसॅच्युसेट्ससारख्या ठिकाणी सुचवले गेले. वाद रंगला तो रेडिओ असावा की नसावा यावर. आवाज कुठून यावा, हा प्रश्न त्यात कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. माझ्या मते मोटारीतल्या ध्वनीचा पुढचा बराच इतिहास या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

५/ आता थोडा वेळ गाडीतून उतरून चित्रपटगृहात जाऊ, कारण कॉम्पोनंट स्पीकरचे आजोळ तिथे आहे. १०० हर्ट्झच्या खर्जाच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर, तर १०,००० हर्ट्झच्या लहरीची ३.४ सेंटिमीटर. खर्जासाठी मोठा, जड पडदा लागतो; तारस्वरांसाठी लहान, हलका. एकाच पडद्याकडून दोन्ही कामे नीट होत नाहीत. बोलपटांच्या काळात मोठमोठी प्रेक्षागृहे भरायची वेळ आली तेव्हा अभियंत्यांनी कामाची वाटणी केली : खर्जाला एक स्पीकर, तारस्वराला दुसरा, आणि मध्ये विद्युतप्रवाहाचे विभाजन करणारे मंडल. तेच आजचे क्रॉसओव्हर.

६/ वाटणी झाली की भांडण आलेच. दोन्ही ठिकाणांहून आवाज एकाच वेळी कानाशी पोहोचला पाहिजे. एमजीएम स्टुडिओत एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप डान्सचा एकेक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला, तेव्हा ही त्रुटी लक्षात आली, असे सांगतात. खर्जाच्या कर्ण्यातून येणाऱ्या ध्वनीला काही फूट जास्त प्रवास पडत होता. डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांच्या चमूने दोन्ही अंतरे जवळ आणणारी नवी रचना केली. तिला १९३६ चा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

७/ आणखी एक नाव लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आधुनिक स्पीकरचा पाया घातला. पडदा पुढे गेला की पुढे हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. या दोन लहरी कडेवरून एकमेकींना भेटल्या की खर्ज नाहीसा होतो. म्हणून दोघांत भिंत हवी, हे त्यांच्या कामातून ठसले.

८/ परत गाडीत. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ आणला. व्हॉल्व्ह गेले, बॅटरीवरचा ताण घटला. १९६५ मध्ये फोर्डने आठ-ट्रॅकची टेप दिली. ती घडवणारे बिल लिअर हे गॅल्विन यांचे जुने सहकारी. फिलिप्सची कॅसेट १९६३ चीच, तीही मागोमाग गाडीत शिरली. यंत्रे भराभर सुधारली, स्पीकर मात्र उरलेल्या जागीच राहिला : डॅशबोर्डवर काचेकडे तोंड करून, मागच्या सीटमागच्या फळीवर, नाहीतर दारात गुडघ्याशी. लांबट स्पीकरही याच अडचणीचे अपत्य. अरुंद जागेत जास्त क्षेत्रफळ मिळावे म्हणून तो आकार.

९/ आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायलाच परवाना लागे. पोस्टात शुल्क भरून तो दरवर्षी नवा करायचा. ही कटकट १९८० च्या दशकात संपली. मारुती ८०० आली ती १९८३ च्या डिसेंबरात, आणि कॅसेटही त्याच दशकात घरोघर पोहोचली. त्यामुळे आपल्या मध्यमवर्गीय गाडीचा कान मुख्यतः कॅसेटवर घडला. मागच्या फळीवरचे दोन स्पीकर ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती. गाणे पाठीमागून येते, यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

१०/ यात वावगे काय, ते लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्येच मांडले होते. खालच्या स्वरांची दिशा आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो. वरच्या स्वरांची, डोक्याची सावली पडून एका कानाला आवाज कमी पोहोचतो त्यावरून. शिवाय साडेसहा इंची पडदा तारस्वर चहूकडे पसरवत नाही, सरळ झोताप्रमाणे समोर फेकतो. दारात समोर कोण असते? पोटरी आणि सीटचे कापड. म्हणून वूफर दारात ठेवून ट्वीटर कानाच्या उंचीकडे, आरशामागच्या प्लास्टिकच्या त्रिकोणात न्यायचा. कॉम्पोनंट म्हणतात ते एवढेच. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांपेक्षा हे स्थलांतर कितीतरी मोलाचे आहे.

११/ बाबांना हे पटले. विशेषतः भोक पत्र्याला नव्हे, त्या त्रिकोणाला पडणार हे ऐकून. कारागिराने दाराच्या पत्र्याची मोकळी छिद्रे डॅम्पिंग शीटने बुजवली. राइस आणि केलॉग यांची भिंत ती हीच. संध्याकाळी बाबांची आवडती जुनी भावगीते लावली. ही ध्वनिमुद्रणे मोनो आहेत. दोन्ही बाजूंना तोच आवाज, म्हणजे गायक बरोबर समोर उभा दिसायला हवा. प्रत्यक्षात आवाज गाडीभर विस्कटलेला आणि तबल्याचा डग्गा गायब. बाबा शांतपणे म्हणाले, "यापेक्षा जुने बरे होते."

१२/ रात्रभर चुटपुट लागली. पैसे माझ्या शिष्यवृत्तीचे होते. सकाळी दाराची अस्तरे काढली आणि स्पीकरच्या तारांना पेन्सिल सेल टेकवून पाहिला. डावा पडदा पुढे आला, उजवा मागे गेला. उजव्या दारात तारा उलट जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा ढकलत होता त्याच क्षणी दुसरा ती ओढत होता. १९२५ मध्ये पडद्याच्या पुढच्या-मागच्या बाजूंत लागलेले भांडण आमच्या डाव्या-उजव्या दारांत लागले होते.

१३/ तारा बदलायला दहा मिनिटे लागली. मग आम्ही साताऱ्याकडे निघालो. तेच गाणे लावले. गायक काचेच्या पलीकडे, मधोमध, आणि डग्गा जागेवर. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून आवाज बराच खाली आणला. मी पाहतच राहिलो, तेव्हा म्हणाले, "अरे, आता शब्द कळतायत. एवढा मोठा कशाला हवा?"