कोस, घटका आणि ताशी वेग

१६६० च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून रातोरात विशाळगडाकडे निघाले. अशा वाटचालीचा वेग किती असावा, हा प्रश्न कोल्हापुरात इतिहासाचा अभ्यास करणारास सहज पडतो. त्यासाठी जुन्या कागदांतील कोसांस दोनाने गुणून मैल काढण्याचा प्रघात आहे. हा गुणक मात्र निर्दोष नव्हे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त चार हातांचा दंड व दोन हजार दंडांचा क्रोश सांगितला आहे. हात दीड फुटाचा धरल्यास हा क्रोश ४,००० यार्डांचा, म्हणजे सुमारे २.२७ मैलांचा होतो. अकबराच्या अमदानीतील कोस पाच हजार इलाही गजांचा. गज ३३ इंची मानल्यास तो २.६ मैलांवर जातो. बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात. येथे तर कोसच बदलतो! कालमापन त्यामानाने स्थिर आहे. साठ घटकांचे अहोरात्र, म्हणून घटका २४ मिनिटांची व तास अडीच घटकांचा.

आता चार घटकांत तीन कोस गेलेल्या जासुदाचा वेग तासाला १.८७५ कोस होईल. दोन मैली कोसाने तो ताशी ३.७५ मैल, अकबरी कोसाने जवळजवळ ४.९ मैल, १.६०९ ने गुणले असता अनुक्रमे ६ व ७.९ किलोमीटर. पहिली झपाझप चाल झाली, दुसरी जवळजवळ धाव. गुणाकार दोन्हीकडे बिनचूक आहे. प्रमाद गुणकाच्या निवडीत आहे. म्हणून त्याच कागदातील दोन ज्ञात गावांमधील अंतर आज मोजून त्या लेखकाचा कोस प्रथम निश्चित करणे अवश्य ठरते.

जुन्या मराठीत अंतराची व काळाची मापे विपुल असली, तरी दोहोंच्या भागाकाराचे स्वतंत्र माप सहसा आढळत नाही. ते काम ‘मजल’ हा अरबी मुळाचा शब्द भागवी. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. ‘ताशी’ या शब्दाने ही उणीव भरून काढली. घटिका म्हणजे लहान घट, आणि फारसी ‘तास’ म्हणजे धातूचे पात्र. त्यास ‘माणशी’, ‘एकरी’ यांतील ‘ई’ प्रत्यय लागला की छेदाचे काम होते. १८९१ साली आगगाडी कोल्हापुरास आली तेव्हा वेग मैलांत मोजला जाई. १९५६ च्या मापविषयक कायद्यानंतर मैल मागे पडून किलोमीटर आला. ‘ताशी’ मात्र जागची हलली नाही.