अब्रू आणि गर्भ : एका शब्दाच्या इतिहासाविषयी

‘अब्रू’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरच्या या पाण्याची राखण मराठीत घरातल्या तरुण स्त्रीच्या देहाकडे कशी सोपवली गेली, याची चिकित्सा आपल्या समीक्षेने फारशी केलेली नाही. ‘अब्रूनुकसानी’चा दावा बहुधा पुरुष लावतो, ‘अब्रू लुटली’ जाते ती स्त्रीची.

सर्व समाजांत ही राखण सारखी नव्हती. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या अकोले तालुक्यातील महादेव कोळ्यांत विधवेचा पाट लागत असे. वैधव्यानंतरच्या मातृत्वाला तेथे समाजमान्य वाट होती. त्याच काळात पुण्याच्या ब्राह्मण विधवेला ती नव्हती. ‘मराठी समाजाची अब्रू’ असे सरसकट बोलणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवलेला बरा.

या वाटेच्या अभावाचे सर्वांत स्पष्ट निवेदन जोतीराव फुले यांच्या १८८४च्या टिपणात आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर काढलेल्या पत्रकांना उत्तर म्हणून ते लिहिले गेले. काशीबाई ही तरुण विधवा गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याकडून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्यासाठी घेतलेली औषधे लागू पडली नाहीत. मूल जन्मले, तिने ते मारले आणि विहिरीत टाकले. तिला अंदमानात जन्मठेप झाली. या निवेदनात घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. निष्फळ औषधे, चोरून झालेले बाळंतपण आणि हत्या या तिन्ही गोष्टी एकाच भीतीने जोडलेल्या आहेत. शिक्षा मात्र फक्त काशीबाईच्या वाट्याला येते. तिचे स्वतःचे शब्दही टिपणात नाहीत. ती आपल्याला भेटते ती दुसऱ्याच्या कथनातूनच.

फुले दाम्पत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, असे त्याचे आवाहन थेट विधवेला उद्देशून होते. ज्या अब्रूशी या गृहाचे भांडण होते, तिच्याच भीतीला गुप्ततेची सवलत दिल्यावाचून त्याचे काम चालणे शक्य नव्हते. हा अंतर्विरोध संस्थेचा दोष मानू नये.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ला (१८८२) निमित्त झाले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या बालहत्येच्या खटल्याचे. त्या सवलत मागत नाहीत. व्यभिचाराचे पाप एकट्या स्त्रीच्या नावे लिहिणाऱ्यांनाच त्या आरोपी करतात. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने (१९२७–१९५३) याच्यापुढचे पाऊल टाकले. वाचक लैंगिक प्रश्न विचारतात आणि त्यांना छापील उत्तर मिळते, हीच गोष्ट अश्लील ठरली. १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि हरले. ज्ञानाचा अभाव हा अब्रूचा एक पहारेकरी आहे, हे त्या खटल्याने उघड केले.

अब्रूचा दुसरा पहारेकरी म्हणजे जात. अकोले ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून एका दलित शाळकरी मुलाला ठार मारण्यात आले. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून सारे आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही घटनांत मारले गेले ते तरुण. राखली गेली ती मुलीच्या घरची ‘अब्रू’.

मुलींपुढे आज वेगळी कोंडी आहे. २०१२च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो. आणि तो कळताच डॉक्टरने पोलिसांना कळवायचा असतो. घरच्यांना भिणारी मुलगी अशा दवाखान्याची पायरी चढायला कचरेल, हे सांगायला आकडेवारी लागू नये. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. मात्र त्यासाठी मुलीबरोबर तिच्या पालकाचीही विनंती लागते. जिथे भीती पालकाचीच आहे, तिथे ही विनंती कोण करणार, याचे उत्तर त्या निकालात नाही. फुले यांच्या आवाहनात पालकाच्या विनंतीची अट नव्हती.