वेगाचा काटा चढतो तेव्हा

२ ऑगस्ट १९८५, संध्याकाळचे सहा. टेक्सासमधल्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाकडे उतरणाऱ्या डेल्टा १९१ च्या कॉकपिटमध्ये, वैमानिकांच्या मागच्या सीटवर तुम्ही बसला आहात. लॉकहीड ट्रायस्टार, तीन इंजिनांचं धूड. आत १६३ माणसं.

धावपट्टीच्या अलीकडेच एक ढग उभा आहे. त्यात वीज चमकते, तशी विमान चालवणारा सहवैमानिक ती कॅप्टनला दाखवतो. 'मागे फिरा!' असं तुम्हाला ओरडावंसं वाटतं. पण पुढचं लिअरजेट त्याच सरीतून नुकतंच सुखरूप उतरलंय. मग आपल्यालाच काय होणार?

आठशे फूट. वेगाचा काटा आपोआप १७३ नॉटवर चढतो. उतरताना १४९ पुरे असतात, आणि इंजिनाला तर कुणी हात लावलेला नाही. तुमच्या पोटात गोळा येतो, कारण हे फुकटचं बळ कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मोरीतल्या नळाची धार फरशीवर पडून फाकते, तसा ढगातून कोसळणारा थंड हवेचा लोंढा जमिनीवर आपटून चहूकडे पसरतोय. आत शिरताना तो समोरून येतो, पंखांना उचलून धरतो. मध्यावर वरून दाबतो. पलीकडे पाठीमागून येतो आणि दिलेलं सगळं काढून घेतो.

वेग आता एकदम जाईल, असं कॅप्टन बजावतो. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच काटा कोसळतो. १३३. मग ११९. काचेबाहेर नुसतं पाणी. थ्रॉटल पुढे रेटले जातात, पण एवढं वजन सावरायला उंची लागते आणि तीच उरलेली नाही. 'पुल अप', यंत्र ओरडतंय. धावपट्टीच्या सुमारे दोन किलोमीटर अलीकडे चाकं माळावर टेकतात. विमान उसळून हायवेवरच्या मोटारीला धडकतं आणि पाण्याच्या टाक्यांवर जाऊन फुटतं. मोटारचालकासह १३७ जण जातात.

या लोंढ्याला हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजितांनी 'मायक्रोबर्स्ट' हे नाव आधीच दिलं होतं. १९७५ च्या न्यूयॉर्कमधल्या विमान अपघाताच्या तपासातून त्यांना त्याचा माग लागला होता. प्रवासी विमानात वाऱ्याचा असा पलटा ओळखणारं यंत्र हवंच, हा अमेरिकेतला नियम मात्र डॅलसनंतर, १९८८ मध्ये आला.

आता आजच्या तारखेला परत या. उतरता उतरता तुमचं विमान पुन्हा वर उचललं गेलं, तर घड्याळाकडे बघून चरफडू नका. असा लोंढा बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ वर घिरट्या घालणं, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.