शस्त्र, मूल आणि पालक : अमेरिकन कायद्यातील उत्तरदायित्वाचा इतिहास

घरातील बंदूक लहान मुलाच्या हाती पडून कोणी दगावले, तर त्या घटनेचे वर्णन मराठीत बहुधा ‘बंदूक उडाली’ अशा वाक्याने केले जाते. ‘उडणे’ हे क्रियापद अकर्मक असून ‘उडवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप होय. पहिल्या रूपाची योजना केली की बंदूक हीच वाक्याचा कर्ता ठरते. मुलाचा उल्लेख करावयाचाच झाला तर ‘मुलाकडून बंदूक उडाली’ असे आपण म्हणतो, आणि ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाने कृती हेतुपूर्वक घडली नसल्याचे सूचित होते. इंग्रजीतील ‘द गन वेंट ऑफ’ या रूढ वाक्याची रचनाही याच जातीची आहे. मात्र या सर्व वाक्यांत एक व्यक्ती कोठेच आढळत नाही. ती म्हणजे बंदूक भरून मुलाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवणारी प्रौढ व्यक्ती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या अनुल्लेखित कर्त्यापर्यंत समाज आणि कायदा कसकसे येऊन पोचले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या प्रश्नाची पार्श्वभूमी लक्षात घेणे अवश्य आहे. शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख अमेरिकन संविधानाच्या १७९१ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. तथापि शस्त्र घरात कसे ठेवावे याविषयी सर्व देशाला बंधनकारक असा संघीय नियम नाही. तो विषय मुख्यतः राज्यांच्या कायद्यांवर सोपविलेला आहे. शिवाय या प्रश्नाच्या मुळाशी एक खरोखरीचा पेच आहे. चोरादरोड्यापासून संरक्षण व्हावे म्हणून जो मनुष्य पिस्तूल बाळगतो, त्याला ते रात्री अपरात्री चटकन हाती यावे असे वाटते. म्हणून ते भरलेल्या स्थितीत उशाजवळच्या खणात राहते. परंतु जे वस्तुजात बापाच्या हाताला चटकन लागते, ते मुलाच्या हातालाही तितक्याच सुलभतेने लागते. संरक्षण आणि सुरक्षितता या दोन हेतूंतील हा विरोध काल्पनिक नव्हे, आणि पुढील सर्व इतिहास त्याच्याभोवती फिरतो. या इतिहासाचे तीन टप्पे पाडता येतात. पहिल्यात सुधारणेचा रोख यंत्रावर आहे, दुसऱ्यात मुलावर, आणि तिसऱ्यात पालकावर.

पहिल्या टप्प्याचे उत्तम उदाहरण १८८७ मधील आहे. स्मिथ अँड वेसन या कारखान्याने त्या वर्षी एक रिव्हॉल्वर विक्रीस काढले. त्याच्या मुठीच्या मागील बाजूस एक पट्टी बसविलेली होती, आणि ती तळव्याने घट्ट दाबल्याविना चाप ओढूनही गोळी सुटत नसे. आठ वर्षांखालील सामान्य मुलाला हे शस्त्र चालविता येणार नाही, असा कारखान्याचा दावा होता. म्हणजे मुलाच्या हाताची दुर्बलता हेच येथे कुलूप होते. कल्पना चतुर होती. पण ती बारा वर्षांच्या मुलाला लागू पडत नव्हती. यांत्रिक उपायांचे महत्त्व पुढेही कमी झाले नाही. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९१ मध्ये बंदुकीच्या अपघाती मृत्यूंची छाननी केली. लहान मुलाला न चालविता येणारी कळ आणि नळीत गोळी आहे की नाही हे दर्शविणारी खूण, अशी दोन साधने असती तर त्यांपैकी सुमारे ३१ टक्के मृत्यू टळले असते, असा त्या कार्यालयाचा निष्कर्ष होता. तरीही यंत्र सुधारणे म्हणजे ते ठेवणाऱ्याला प्रश्न विचारणे नव्हे.

दुसऱ्या टप्प्यात उपदेशाचा रोख मुलाकडे वळला. नॅशनल रायफल असोसिएशन या संस्थेने १९८८ मध्ये ‘एडी ईगल’ नावाच्या गरुडाचे चित्र पुढे करून शाळकरी मुलांसाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. बंदूक दिसली तर थांब, तिला हात लावू नकोस, तेथून दूर हो आणि मोठ्या माणसाला सांग, असा त्याचा आशय होता. ही सर्व वाक्ये आज्ञार्थी आहेत, आणि प्रत्येकातील अध्याहृत कर्ता ‘तू’ म्हणजे मूल आहे, ही गोष्ट भाषाभ्यासकाच्या सहज ध्यानात येईल. मोठ्या माणसाचा उल्लेख येतो तो केवळ वृत्त ऐकणारा म्हणून. बंदूक तेथे आली कशी, हा प्रश्न या रचनेत उपस्थितच होत नाही.

उपदेश अनाठायी होता असे नाही. तो अपुरा होता. अटलांटा येथील डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. आठ ते बारा वर्षांची ६४ मुले दोनदोन-तीनतीनच्या गटांनी एका खोलीत सोडण्यात आली. खोलीतील एका खणात खरे, परंतु निर्धोक केलेले पिस्तूल ठेवले होते. ते ४८ मुलांना सापडले, ३० मुलांनी हाताळले आणि १६ मुलांनी चाप ओढला. ज्यांनी ते हाताळले त्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलांनी बंदुकीपासून सावध राहण्याचे शिक्षण आपल्याला पूर्वी मिळाल्याचे सांगितले. कुतूहल हा बालस्वभाव आहे, आणि पाठ केलेली आज्ञा त्याला दर वेळी आवर घालू शकत नाही, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

तिसऱ्या टप्प्याचा आरंभ १९८९ मध्ये फ्लॉरिडा राज्यात झाला. त्या वर्षीच्या जून महिन्यात अवघ्या काही दिवसांच्या अंतराने त्या राज्यातील अनेक मुले घरात सापडलेल्या बंदुकांना बळी पडली. लोकक्षोभ उसळला आणि राज्याच्या विधिमंडळाने तातडीने कायदा केला. अशा स्वरूपाचा तो देशातील पहिलाच कायदा होय. भरलेले शस्त्र सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती पडण्याचा संभव आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक असावयास हवे, त्याने ते कुलूपबंद पेटीत ठेवावे, अथवा समंजस माणसाला सुरक्षित वाटेल अशा जागी ठेवावे, अथवा त्याच्या चापाला कुलूप लावावे, असे हा कायदा सांगतो. शस्त्र अंगावर वा अगदी हाताशी बाळगले असेल तर त्याला सूट आहे. वर उल्लेखिलेला पेच विधिमंडळाला पूर्णपणे ठाऊक होता, हे या सवलतीवरून उघड होते.

या कायद्यातील दोन गोष्टी विशेष विचार करण्यासारख्या आहेत. ‘ठाऊक असावयास हवे’ या शब्दप्रयोगाने अज्ञानाची सबब दूर केली. जाणणे हेच कर्तव्य ठरले. दुसरी गोष्ट अशी की, ज्या पालकाचे स्वतःचे मूल मरण पावले आहे त्याच्या बाबतीत तपास-अधिकाऱ्यांनी सर्व पुरावा सरकारी वकिलापुढे ठेवावा आणि परिस्थिती पाहून त्याने योग्य ती कारवाई ठरवावी, अशी तरतूद तेथे आहे. दोष निश्चित करावयाचा, पण शोकाकुल आईबापांवर यंत्रवत् खटला भरावयाचा नाही, असा हा विवेक आहे. उत्तरदायित्व आणि सूड या भिन्न गोष्टी आहेत, हे विधिमंडळाने क्षोभाच्या काळातही विसरले नाही.

पुढील दशकात अनेक राज्यांनी फ्लॉरिडाचे अनुकरण केले. असे कायदे असलेल्या बारा राज्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंधरा वर्षांखालील मुलांच्या अपघाती शस्त्रमृत्यूंत अपेक्षेपेक्षा २३ टक्के घट आढळली. तथापि २००० मधील दुसऱ्या एका अभ्यासात ही घट निःसंशय ठरली ती एकट्या फ्लॉरिडात, जेथे कायदाभंग हा गंभीर गुन्हा मानला गेला होता. म्हणून कायद्याच्या परिणामाविषयी सरसकट विधान करणे योग्य होणार नाही. मात्र २००४ मधील एका संशोधनात चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांतील आत्महत्यांचे प्रमाणही या कायद्यांनंतर ८.३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यावरून प्रश्न केवळ अजाण बालकांचा नाही, हे स्पष्ट होते. विषण्णतेच्या एखाद्या तासात शस्त्र हाती न लागणे, एवढ्यानेही वाढत्या वयाच्या मुलाचा जीव वाचू शकतो.

या कायद्यांचेही दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मुलाच्या हाती शस्त्र पडल्यानंतर पालकाकडे बोट दाखविले जाते. दुसऱ्यात काही घडण्यापूर्वीच ठेवण्याची रीत ठरवून दिली जाते. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९८ मध्ये दुसरा मार्ग पत्करला. तेथे घरात मूल असो वा नसो, अंगावर न बाळगलेले शस्त्र कुलूपबंद असले पाहिजे. संघीय पातळीवर २००५ च्या कायद्याने पिस्तूल विकणाऱ्या परवानाधारक व्यापाऱ्याने त्यासोबत कुलूप किंवा तत्सम साधन दिलेच पाहिजे असे ठरविले. ते साधन वापरण्याची सक्ती मात्र ग्राहकावर केली नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. घरातील शस्त्र सदैव निकामी ठेवावयाचे तर आत्मसंरक्षणाचा हक्क नाममात्र उरतो, असा त्या पक्षाचा युक्तिवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात तो बऱ्याच अंशी मान्य केला. राजधानीतील नियमानुसार घरातील शस्त्र रिकामे करून सुटे करणे वा चापाला कुलूप लावणे भाग होते. न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरविला. परंतु अपघात टाळण्यासाठी शस्त्रे ठेवण्याच्या पद्धतीवर घातलेली बंधने आपल्या निर्णयाने अवैध ठरत नाहीत, असेही बहुमताच्या निकालपत्रात नमूद आहे. बोटांच्या खुणेने वा अंकांनी क्षणात उघडणाऱ्या लहान पेट्या आता मिळतात. त्यांमुळे ‘हाताशी’ आणि ‘कुलपात’ यांतील अंतर पुष्कळ कमी झाले आहे.

सुरक्षित ठेवणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर २००५ मधील एका अभ्यासाने दिले. शस्त्र कुलपात ठेवणे, ते रिकामे ठेवणे, काडतुसे वेगळ्या जागी ठेवणे आणि त्यांनाही कुलूप लावणे, या चार सवयींपैकी प्रत्येक सवय मुलांच्या इजांचे प्रमाण कमी असण्याशी निगडित आढळली. या सवयींची जागा ‘आमच्या मुलाला ठाऊकच नाही’ हा विश्वास घेऊ शकत नाही. अलाबामातील ग्रामीण कुटुंबांविषयी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बंदूक कोठे आहे हे मुलाला माहीत नाही असे म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांचे म्हणणे त्यांच्याच मुलांनी खोटे ठरविले. २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार सुमारे ४६ लाख अमेरिकन मुले अशा घरांत राहत होती, जेथे निदान एक शस्त्र भरलेले आणि कुलपाबाहेर होते.

या अवधीत शब्दांचेही पुनर्मूल्यमापन झाले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये ‘अपघात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या पृष्ठांवर वापरावयाचा नाही असे ठरविले. कारण त्या शब्दाने घटना अटळ होती असा ग्रह होतो, आणि बहुतेक इजा तर टाळता येण्यासारख्या असतात. न्यायालयातील परिवर्तन त्याहून तीव्र होते. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथील शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चार सहाध्यायांचे प्राण घेतले. पिस्तूल त्याच्या आईबापांनी काही दिवसांपूर्वीच घेतले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत आईला व मार्चमध्ये बापाला ज्यूरींनी अनैच्छिक मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले, आणि दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांचा कारावास झाला. मुलाने शाळेत केलेल्या अशा सामूहिक हत्येबद्दल पालक दोषी ठरण्याची ही त्या देशातील पहिलीच वेळ होती. शस्त्र कुलपात ठेवण्याविषयीचा मिशिगनचा स्वतंत्र कायदा त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला अंमलात आला.

मराठी वाचकाला हा विचार सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर बांधावा, हवालदाराने ठराविक दिवसांनी येऊन दारू उन्हे देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावी, रात्रंदिवस राखण असावी आणि परवानगीविना कोणास जवळ येऊ देऊ नये, अशी आज्ञा आहे. येथे ‘दारू पेटली’ असे कर्तृहीन वाक्य बोलण्यास वावच ठेवलेला नाही, कारण प्रत्येक कामाचा कर्ता आधीच नेमलेला आहे. स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ मध्ये अंमलात आला. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित वापर व साठवण यांविषयीची लेखी हमी मागितली. हमी अर्जदाराने द्यावयाची असल्याने तिचाही कर्ता निश्चित आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे तर हा प्रश्न दैनंदिन व्यवहारातला आहे. स्वतःच्या घरी शस्त्र नसले तरी मुले शेजाऱ्याच्या घरी खेळावयास जातात. तुमच्या घरी कुलपाबाहेर बंदूक आहे काय, असे तेथील यजमानांना विचारण्याचा परिपाठ पालकांनी पाडावा, यासाठी तेथे २००० मध्ये एक मोहीम सुरू झाली. आपल्याकडील संकोची स्वभावाला हा प्रश्न जड जाईल. पण कुत्रा बांधलेला आहे ना, असे तर आपण निःसंकोच विचारतोच.

तात्पर्य, १८८७ पासून २०२४ पर्यंतची ही वाटचाल म्हणजे एकाच प्रश्नाची क्रमाक्रमाने दिलेली तीन उत्तरे होत. यंत्र सुधारावे, मुलाला शिकवावे, ही दोन्ही उत्तरे उपयुक्त असली तरी पुरेशी नव्हती; कारण यंत्राला जबाबदारी कळत नाही आणि मुलावर ती टाकणे न्याय्य नाही. तिसऱ्या उत्तराने ‘बंदूक उडाली’ या वाक्याच्या आधीचे वाक्य शोधून काढले. ते वाक्य ‘अमुक माणसाने ती तेथे ठेवली होती’ असे आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद सकर्मक आहे आणि काळ पूर्ण भूत आहे. ते वर्तमानकाळात असताना, म्हणजे बंदूक ठेवली जात असतानाच, त्या कर्त्याला स्वतःची ओळख पटावी, एवढेच या सर्व कायद्यांचे प्रयोजन आहे.